वंशावळीत न सापडणारे पूर्वज

नांदगावचे कुटुंब नाशिकला रामकुंडावर गेले, की तीर्थोपाध्याय गाव व आडनाव विचारून जुनी वही काढतात. पूर्वी येऊन गेलेल्या आजोबा-पणजोबांची नावे तीत सापडू शकतात. मात्र ही वही प्रामुख्याने वडिलांकडची एकच रेषा धरते.

आपले आईवडील २, आजी-आजोबा ४, पणजी-पणजोबा ८. असे दुप्पट करीत गेल्यास दहाव्या पिढीत १०२४ पूर्वज येतात. नात्यात लग्ने झाली असल्यास त्याहून कमी. वहीतली रेषा त्यांतील एकापाशीच पोहोचते. आनुवंशिक वारसा तर निम्मा आईकडून आलेला असतो.

वर्गात प्रत्येकाला आठही पणजी-पणजोबांची नावे लिहायला सांगू या. रिकाम्या जागा बहुधा पणज्यांच्या असतील. आजी आहे तोवर तिला विचारून त्या भरून घेऊ.