युरियाची एक गोणी आणि मुळांवरचे जिवाणू

एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. हवेत ७८ टक्के नत्र आहे. म्हणजे ज्वारीचं ताट दिवसरात्र नत्रातच उभं असतं. मग त्याला युरिया का लागतो?

कारण हवेतल्या नत्राचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधानं घट्ट धरून बसलेले असतात. ते सोडवायला खत कारखान्यात ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान आणि हवेच्या शंभराहून जास्त पट दाब लागतो. काही जिवाणू हेच काम शेतातल्या मातीत करतात. त्यांच्याकडे नायट्रोजिनेज नावाचं विकर असतं. अडचण एवढीच की प्राणवायू लागला की हे विकर निकामी होतं.

कडधान्यांनी ही अडचण सोडवली आहे. हरभऱ्याचं रोप हलकेच उपटा. मुळांवर गाठी दिसतील, फोडल्या तर आत गुलाबी. तो रंग प्राणवायूला आवरून धरणाऱ्या प्रथिनाचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा. रायझोबियम जिवाणूंना तिथं घरही मिळतं आणि जेवणही. ज्वारी, बाजरी, गहू, मका या पिकांना अशा गाठी येत नाहीत. त्यांच्याकडे जिवाणू राहतात ते ओसरीवर. मुळांतून झिरपणारी साखर आणि आम्लं खाऊन ते बहुतेक करून मुळांच्या पृष्ठभागावर जगतात.

यातला सर्वांत अभ्यासलेला जिवाणू म्हणजे अ‍ॅझोस्पिरिलम. १९७०च्या दशकात ब्राझीलमध्ये जोहाना डोबेरायनर यांनी गवतवर्गीय पिकांच्या मुळांवर त्याचा अभ्यास केला आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. आशा मोठी होती, की आता धान्यपिकांनाही हवेतला नत्र मिळेल. पण जसजसं काम पुढं गेलं तसं दिसलं की हवेतून आणलेला नत्र हा फायद्याचा एक भाग झाला. हा जिवाणू ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरकही तयार करतो. त्यामुळे मुळांना फाटे फुटतात, केसमुळं वाढतात आणि पीक पाणी व अन्नद्रव्यं जास्त उचलतं.

हे महत्त्वाचं का? आपण टाकलेल्या नत्रापैकी धान्यपिकाला साधारण निम्मा किंवा त्याहूनही कमी मिळतो. उरलेल्यातला बराच पाण्याबरोबर खाली जातो नाहीतर वायू होऊन उडतो. म्हणजे हे जिवाणू घरी नवी गोणी आणून देण्यापेक्षा टाकलेली गोणी वाया जाऊ देत नाहीत. आणि आजूबाजूला युरिया भरपूर असला की ते नायट्रोजिनेज बनवणंच थांबवतात. आयतं मिळतंय तर राबायचं कशाला!

आता हिशोब. जिवाणू खताबरोबर नत्र साधारण २० ते २५ टक्के कमी करा, अशी शिफारस आपण ऐकतो. समजा ज्वारीला हेक्टरी ८० किलो नत्र द्यायचं आहे. त्याचा पाव हिस्सा २० किलो. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे सुमारे २१ किलो नत्र असतं. थोडक्यात, हेक्टरी एक गोणी. ‘युरिया बंद करा’ असं कुणी सांगत असेल तर आम्ही सावध राहायला सांगू.

पाकिटात जिवंत प्राणी आहेत हे विसरू नका. मुदतीची तारीख बघा, पाकीट उन्हात ठेवू नका. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम, गुळाच्या थंड केलेल्या पाण्यात कालवून हलक्या हातानं चोळा, सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू सर्वांत शेवटी. रासायनिक खतात ते मिसळू नका.

(श्रोत्यांमधून प्रश्न: युरिया कमी केला आणि उतारा घटला तर?)

अगदी रास्त भीती आहे. म्हणून सगळ्या रानावर एकदम प्रयोग नको. एका कोपऱ्यात सारख्या जमिनीचे चार पट्टे आखा. पहिल्यात पूर्ण युरिया. दुसऱ्यात पूर्ण युरिया आणि जिवाणू. तिसऱ्यात पाऊण युरिया आणि जिवाणू. चौथ्यात नुसता पाऊण युरिया. हा चौथा पट्टा बहुतेक जण सोडून देतात, आणि तिथंच फसगत होते. तिसरा पट्टा पहिल्याइतका पिकला की आपण म्हणतो, जिवाणूंनी काम केलं. पण चौथाही तेवढाच पिकला असेल तर? मग आपण इतकी वर्षं एक गोणी उगाचच टाकत होतो. चौथा मागं पडला आणि तिसरा टिकला, तरच श्रेय पाकिटाचं.

काढणीला प्रत्येक पट्ट्याचं धान्य वेगळं मळा, वेगळं तोला, वहीत लिहा. पाऊसपाणी दरवर्षी सारखं नसतं, म्हणून दोन-तीन हंगाम हे करा. दोन्हींतलं काहीही निघालं तरी कुठली गोणी वाचवता येते, हे आपल्याच रानातून कळेल.