पंढरीस जातांना

पंढरपुरास जावयाचें तर आषाढींतच, असा हट्ट पुष्कळ कुटुंबांत असतो. घरांत सत्तरी उलटलेलीं वडील माणसें व कडेवरचीं मुलें असतां तो धरूं नये, असें आमचें मत आहे. चैत्री, आषाढी, कार्तिकी व माघी अशा चार वाऱ्या आहेत. त्यांत आषाढीची गर्दी सर्वांत मोठी. आळंदीहून ज्ञानेश्वरमहाराजांची व देहूहून तुकाराममहाराजांची पालखी वाखरीस येऊन पोंचली कीं पंढरींत मुंगीस शिरावयास वाट उरत नाहीं.

मात्र त्या दिवसांतील एक रीत मुलांस अवश्य सांगावी. यात्रेपूर्वीं देवाचा पलंग शेजघरांतून काढितात, कारण दर्शन अहोरात्र चालावयाचें असतें. देवास निजणें नाहीं. म्हणून विठ्ठलाच्या पाठीशीं लोड व रुक्मिणीच्या पाठीशीं तक्क्या देतात. यात्रा सरल्यावर प्रक्षाळपूजा होते आणि श्रमपरिहारार्थ देवास औषधी काढा दाखवितात. निर्गुणाची चर्चा आम्हीं पुष्कळ केली आहे; पण उभें राहून थकलेल्या देवास काढा देणारी ही माया आम्हांस अधिक गोड वाटते.

गांवांत गेल्यावर प्रथम चंद्रभागेवर जावें. भीमा येथें चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून हें नांव. पात्रांतील पुंडलिकाचें दर्शन आधीं, मग विठोबाचें, अशी वहिवाट आहे. विष्णुपद व गोपाळपूर दुसऱ्या दिवसासाठीं ठेवावें. मार्गशीर्षांत देव विष्णुपदीं राहावयास जातात, अशी श्रद्धा आहे.

महाद्वाराशीं मात्र घाई करूं नये. येथील पहिली पायरी नामदेवांची. तिजवर कोणी पाय ठेवीत नाहीं. समोरच चोखोबांची समाधि आहे. मंगळवेढ्यास गांवकुसाचें काम चालू असतां भिंत कोसळून ते गेले व नामदेवांनीं त्यांच्या अस्थि येथें आणिल्या, असें परंपरा सांगते. चोखोबांस दारांत जागा मिळाली. त्यांच्या ज्ञातीस दार ओलांडावयास कित्येक शतकें लागलीं. इ. स. १९४७ च्या मे महिन्यांत, १ पासून १० तारखेपर्यंत, साने गुरुजींनीं येथील तनपुरेमहाराजांच्या मठांत उपोषण केलें, तेव्हां कोठें मंदिर सर्वांस मोकळें करण्याचें ठरलें. विरोध करणाऱ्यांत शास्त्राधार सांगणारे आपल्याच समाजांतील होते, हेंही मुलांपासून लपवूं नये. अजूनही रांगेंत सोवळें सांभाळीत शेजारच्यास 'जरा सरून उभे राहा' म्हणणारे गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत. त्यांनीं घरींच पूजा करावी हें बरें.

बडवे व उत्पात यांचे वंशपरंपरागत हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानें इ. स. २०१४ मध्यें संपले. व्यवस्था आतां मंदिर समितीकडे आहे. पायांवर डोकें ठेवावयाचें तर पदस्पर्शदर्शनाची रांग धरावी लागते. इ. स. २०२४ मध्यें मंदिराच्या दुरुस्तीसाठीं हें दर्शन १५ मार्चपासून बंद होतें, तें २ जून रोजीं पुन्हां सुरू झालें. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांस मुखदर्शन पुरे आहे. तें दुरून होतें, पण लवकर होतें.

परततांना सवड असल्यास मंगळवेढ्यावरून यावें. चोखोबांचें गांव तें. आणि दुष्काळांत सरकारी कोठारें लोकांस खुलीं करणारे म्हणून ज्यांची कथा सांगतात, त्या दामाजीपंतांचेंही तेंच.