उडालेल्या फ्यूजची बाजू

घरातले दिवे गेले की आपण म्हणतो, "फ्यूज उडाला!" सूर असा, की जणू त्या बिचाऱ्याने ऐन वेळी कामचुकारपणा केला. मराठी शिकविणाऱ्या मला या बोलण्यातला अन्याय नेहमी खटकतो. फ्यूज उडतो तो काम टाळून नव्हे, काम करून!

तारेतून मर्यादेबाहेर वीज वाहू लागली की तार तापते, तिच्यावरचे वेष्टण जळते आणि आगीला निमित्त मिळते. म्हणून वाटेत एक बारीक, चटकन वितळणारी तार मुद्दाम घालतात. ती स्वतः जळते आणि घर वाचविते. हल्लीच्या घरांतून 'एमसीबी'ची कळ हेच काम करते. ती जळत नाही, नुसती पडते. उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार पिळणारे गृहस्थ पाहिले, की भुंकतो म्हणून राखणीच्या कुत्र्याचे तोंड बांधणारा माणूस आठवतो.

परंतु वाचकहो, फ्यूज राखतो तो तारांना, माणसाला नव्हे. दिव्यांचा फ्यूज साधारणतः ५ अँपिअरचा असतो. त्याच्या शंभराव्या हिश्शाइतका, म्हणजे ५० मिलिअँपिअर प्रवाह छातीतून काही क्षण वाहिला, तरी माणूस दगावू शकतो. एवढ्याशा प्रवाहाची फ्यूजला दादही नसते!

माणसाचा राखणदार निराळा. त्याचे नाव 'आरसीसीबी'. त्याची रीत लक्ष्मीपूजनाला पुजल्या जाणाऱ्या चोपडीची आहे. एका तारेने जितका प्रवाह गेला, तितकाच दुसरीने परत आला पाहिजे. जमाखर्चात तूट आली, म्हणजे वीज कुठून तरी, कदाचित कुणाच्या अंगातून, जमिनीत चालली आहे. घरगुती यंत्र ३० मिलिअँपिअरची तूट दिसताच ०.३ सेकंदाच्या आत वीज तोडते. मात्र कुणी दोन हातांत दोन तारा धरल्या, तर हिशेब बरोबर जुळतो आणि हा राखणदारही गप्प राहतो! तेव्हा सावधगिरीला पर्याय नाही.

या यंत्रावर 'टी' अक्षराचे एक बटण असते. ते दाबल्यावर वीज गेली पाहिजे; न गेल्यास जाणत्या वायरमनला बोलवावे. आकाशकंदील टांगण्यापूर्वी एवढी परीक्षा अवश्य घ्यावी. आणि दिवाळीत कळ पडून घर अंधारलेच, तर चरफडण्याआधी कारण शोधावे. त्या अंधाराने कदाचित घरातला एखादा दिवा राखला असेल.