जेत्यांनी सांगितलेला अंत

मेल गिब्सन यांच्या ‘अपोकॅलिप्टो’ या चित्रपटाच्या अखेरीस नायक धापा टाकीत समुद्रकिनाऱ्यावर येऊन कोसळतो. त्याच्या जिवावर उठलेले दोघे पाठलाग करणारेही तेथेच थबकतात. समोर पाण्यात परकी गलबते उभी आहेत आणि होड्यांतून क्रूस घेतलेला धर्मोपदेशक व शिरस्त्राणे घातलेले शिपाई किनाऱ्याकडे येत आहेत. दोन तासांहून अधिक काळ पडद्यावर चाललेल्या रक्तपाताने शिणलेल्या प्रेक्षकाला ती गलबते पाहून क्षणभर हायसे वाटते. निदान आता तरी हा पाठलाग संपला, असे त्याच्या मनात येते. या हायसे वाटण्याचाच विचार करावयास हवा. खानदेशच्या इतिहासाशी ज्याचा थोडाफार परिचय आहे त्याला, विशेषतः नंदुरबार जिल्ह्यातील वाचकाला, ती गलबते अगदीच अनोळखी नाहीत.

चित्रपट अमेरिकेत डिसेंबर २००६ मध्ये प्रदर्शित झाला. त्याची कथा एका वाक्यात सांगता येण्याजोगी आहे. अरण्यात शिकार करून सुखाने राहणाऱ्या एका लहानशा वस्तीवर पहाटे सशस्त्र टोळी तुटून पडते. धडधाकट माणसांना बांबूंना बांधून दूरच्या नगरात नेले जाते. स्त्रिया बाजारात विकल्या जातात, पुरुषांना निळा रंग फासून देवळाच्या उंच पायऱ्यांवर बळी दिले जाते. सूर्यग्रहण लागल्यामुळे नायक वाचतो आणि मग कोरड्या विवरात दडवून ठेवलेल्या आपल्या गरोदर पत्नीकडे व मुलाकडे पोहोचण्यासाठी तो जिवाच्या आकांताने धावत सुटतो. चित्रपटाचा उत्तरार्ध म्हणजे ही धाव होय. साहसपट म्हणून ती विलक्षण प्रभावी आहे, हे त्याच्या विरोधकांनाही नाकारता आलेले नाही.

आणखी एका गोष्टीचे श्रेय दिग्दर्शकाला दिलेच पाहिजे. चित्रपटातील सारे संभाषण युकातेक माया भाषेत आहे आणि इतर प्रेक्षकांनी ते तळओळींतून समजून घ्यावे अशी अपेक्षा आहे. ही भाषा मेक्सिकोत आज सुमारे आठ लाख लोक बोलतात. तुलनाच करावयाची तर २०११ च्या जनगणनेत भिली आणि तिच्या बोली मातृभाषा म्हणून नोंदविणाऱ्यांची संख्या एक कोटी चार लाख होती. २००३ च्या घटनादुरुस्तीने संताळी आणि बोडो या भाषांना आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. भिलीला ते मिळालेले नाही. धडगावच्या डोंगरात घरी पावरी ऐकत वाढलेले मूल शाळेत पाऊल टाकते तेव्हा त्याच्या हाती प्रमाण मराठीचे पुस्तक येते आणि त्याच्यासाठी तळओळींची सोय कोणी केलेली नसते. पहिलीच्या वर्गावरील शिक्षकांना हे निराळे सांगावयास नको.

असो. भाषा खरी असली म्हणून इतिहास खरा होतो असे नाही. माया लोकांच्या दक्षिणेकडील तिकाल, कोपान, पालेंके यांसारख्या नगरांचा ऱ्हास झाला तो इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या आसपास. दीर्घकाळ पडलेली अवर्षणे, नगरराज्यांमधील अखंड युद्धे आणि तुटत गेलेली अरण्ये ही त्याची कारणे अभ्यासक सांगतात. स्पॅनिश आले ते सोळाव्या शतकात. मधली सहा-सातशे वर्षे चित्रपटाने सहज गिळून टाकली आहेत. नरबळींचे जे अवाढव्य सोहळे दाखविले आहेत त्यांची आठवण माया लोकांपेक्षा मध्य मेक्सिकोतील ॲझ्टेकांच्या राजधानीशी अधिक जुळते. ज्या लोकांनी शून्याची कल्पना स्वतंत्रपणे शोधून काढली, ग्रहणांची कोष्टके मांडली आणि संपूर्ण लेखनपद्धती निर्माण केली, त्यांची एकही पोथी, एकही लेखनिक, एकही शेतकरी पडद्यावर दिसत नाही. दिसतात ते नगरातले क्रूर आणि अरण्यातले निरागस. वस्तुतः ही विभागणीच काल्पनिक आहे. ग्वाटेमालाच्या उत्तरेकडील दाट जंगलावर विमानातून लेसर किरण सोडून केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये जाहीर झाले. तेथे साठ हजारांहून अधिक घरे, रस्ते, बांध आणि इतर बांधकामे दडलेली आढळली. अरण्य आणि नगर यांच्यामध्ये शेते होती, वाटा होत्या, ये-जा होती.

तथापि केवळ या चुका दाखवून थांबणे सोपे आहे आणि ते न्याय्यही नाही. माया संस्कृतीत हिंसा नव्हतीच, असे म्हणणारे तिच्यावर दुसऱ्या प्रकारचा अन्याय करतात. बोनाम्पाक येथील आठव्या शतकाच्या अखेरीच्या भित्तिचित्रांत राजापुढे बसविलेले, बोटांतून रक्त ठिबकणारे कैदी माया चित्रकारांनीच रंगविले आहेत. प्रश्न रक्त दाखविण्याचा नाही. ते कोणत्या चौकटीत दाखविले जाते याचा आहे. ती चौकट चित्रपटाच्या आरंभीच ठेवलेली आहे. विल ड्युरांट या इतिहासकाराचे एक मत तेथे पडद्यावर उमटते. त्याचा आशय असा की, महान संस्कृती आधी आतून स्वतःचा नाश करून घेते आणि मगच बाहेरचा तिला जिंकू शकतो. ड्युरांट यांनी हे लिहिले ते रोमविषयी. माया लोकांच्या कथेच्या कपाळी ते चिकटविताच त्याला वेगळाच अर्थ प्राप्त होतो. गलबतांतून उतरणाऱ्यांच्या हातून पुढे जे घडले त्याचा दोष तेथे राहणाऱ्यांच्याच माथी आधीच मारून ठेवला जातो.

हाच युक्तिवाद खानदेशने इंग्रजी अमदानीत पुरेपूर ऐकला आहे. शहादे तालुक्यातील सुलतानपूर हे मोगल काळातील नांदते ठाणे. १८०२ च्या सुमारास होळकरांच्या फौजेच्या धामधुमीत ते लुटले गेले आणि १८०३-०४ च्या भीषण दुष्काळाने उरलीसुरली वस्तीही उठली. जुन्या किल्ल्याच्या व मशिदीच्या पडक्या भिंती एवढीच त्या वैभवाची खूण राहिली. त्याच काळात पेशव्यांचा अधिकारी बाळाजी लक्ष्मण याने भिल्लांना कोपरगावी बोलावून दग्याने पकडले आणि त्यांतील बहुतेकांना विहिरींत लोटून दिले, अशी नोंद इंग्रजांच्या गॅझेटियरमध्ये आहे. हे सारे घडले, यात संशय नाही. बोनाम्पाकच्या भिंतीइतकेच ते खरे आहे. परंतु गॅझेटियरची कथा जेथे पोहोचते ते स्थळ पाहावे. खानदेशात अराजक माजले होते, भिल्ल लुटारू बनले होते, प्रांत आतून मोडला होता आणि मग १८१८ मध्ये इंग्रज आले व शांतता नांदू लागली, असा तिचा ओघ आहे. येथेही गलबते किनाऱ्याला लागतात आणि वाचकाला हायसे वाटते.

ही शांतता कशी आली याचा एक मासला तापीकाठच्या थाळनेर येथे मिळतो. फेब्रुवारी १८१८ मध्ये सर थॉमस हिस्लॉप याच्या फौजेने तो किल्ला घेतला. दरवाजाशी झालेल्या झटापटीत काही इंग्रज अधिकारी मारले गेले, तेव्हा आतली अरब शिबंदी कापून काढण्यात आली आणि किल्लेदाराला फाशी देण्यात आले. किल्लेदाराच्या या फाशीवर खुद्द इंग्लंडमध्ये टीका झाली होती. पुढची सात वर्षे भिल्लांविरुद्ध मोहिमा चालूच होत्या. १८२५ मध्ये धोरण बदलले. जेम्स ऊट्रमने भिल्लांचीच पलटण उभी केली आणि डोंगरातल्या माणसाला डोंगरातल्या माणसावर पहारा ठेवण्यास नेमले. ऊट्रम शूर होता, भिल्लांत मिसळत होता, त्याच्या शिकारीच्या कथा पुष्कळ आहेत. त्या कथांत भिल्लाला वाघाइतके तरी स्थान मिळाले काय, हे ज्याने त्याने ठरवावे.

त्यानंतर तीनच दशकांनी सेंधवा घाटाच्या रक्षणाचे काम पूर्वी करीत असलेला खाज्या नाईक १८५७ च्या उठावात उतरला. एप्रिल १८५८ मध्ये सातपुड्यात अंबापाणी येथे मोठी लढाई झाली आणि हाती लागलेल्या अनेक भिल्लांना उभ्या उभ्या चौकशी करून गोळ्या घालण्यात आल्या. नंदुरबारच्या चौकात ९ सप्टेंबर १९४२ रोजी गोळ्या झेललेल्या शिरीषकुमारचे नाव जिल्ह्यातील प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते, आणि ते असावयासच हवे. अंबापाणी मात्र अद्याप बहुतेकांना नकाशावर दाखविता येणार नाही. सातपुड्यात रक्तरंजित साहसपटाला पुरून उरेल एवढा मजकूर आहे. फक्त त्यातला पाठलाग करणारा कोण आणि पळणारा कोण, हे ठरविताना चित्रपटकर्त्याला जुनी चौकट मोडावी लागेल.

चौकटीचा दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. संस्कृतीचा ‘अंत’ झाला असे एकदा म्हटले की तिची माणसेही संपली, असा समज आपोआप होतो. माया लोक कोठेही नाहीसे झाले नाहीत. १५६२ मध्ये मानी या गावी दिएगो दे लांदा या धर्मोपदेशकाने त्यांच्या पोथ्यांची होळी केली. आज जगात अवघ्या चार शिल्लक आहेत. तरीही त्यांचे शेवटचे स्वतंत्र राज्य पडले ते १६९७ मध्ये, म्हणजे राजाराम महाराज मोगलांशी झुंजत होते त्या काळात. आजही मेक्सिको व ग्वाटेमालात लक्षावधी लोक माया कुळातील भाषा बोलतात, मका पिकवितात, मजुरीला शहरात जातात. ग्वाटेमालातील १९६० ते १९९६ या काळातील यादवीत दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली वा बेपत्ता झाली, आणि सत्यशोधन आयोगाच्या अहवालानुसार ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. ते बळी कोणत्याही पिरॅमिडवर दिले गेले नव्हते. त्यांना मारणारे बहुतांशी देशाचे गणवेशधारी सैनिक होते. त्यानंतर जेमतेम दहा वर्षांनी माया म्हणजे काळीज उपटणारे लोक, असे चित्र जगभरच्या पडद्यांवर झळकले तेव्हा ग्वाटेमालातील माया कार्यकर्त्यांनी संताप व्यक्त केला. त्यात अतिरेक शोधणाऱ्यांनी ही टक्केवारी ध्यानात ठेवावी.

शहाद्याच्या श्रमिक चळवळीत वाढलेले कवी वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता गाजली ती याच कारणाने. आदिवासींचे दुःख व्यासपीठावर चढून इतरांनीच सांगावे आणि आदिवासींनी ते खाली बसून ऐकावे, या रीतीवरच तिचा रोख आहे. पडदा हेही एक व्यासपीठच आहे, आणि बरेच उंच. काठीच्या राजवाडी होळीला दरवर्षी छायाचित्रकारांची झुंबड उडते. मोरपिसांचे टोप, कमरेची घुंगरे, अंगावरचे पांढरे ठिपके यांची सुरेख चित्रे निघतात. त्या ठिपक्यांखालचा माणूस दुसऱ्या दिवशी रेशन दुकानाच्या रांगेत उभा असतो. त्याचे चित्र निघत नाही.

चित्रपटाच्या अगदी शेवटी पत्नी विचारते, त्या माणसांकडे जावयाचे काय? नायक नको म्हणतो. अरण्यात जाऊ, नव्याने आरंभ करू, असे त्याचे उत्तर आहे. कथेत हे शोभून दिसते. सातपुड्यातल्या माणसाला मात्र अरण्यातही आरंभ करणे सोपे राहिले नाही. १८७८ च्या वनकायद्याने त्याचे जंगल राखीव होऊ लागले आणि पिढ्यान् पिढ्या कसलेली जमीन ‘अतिक्रमण’ ठरली. पुढे सरदार सरोवराच्या पाण्याने अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील नर्मदाकाठच्या ३३ गावांना गाठले; त्यांत मणिबेली पहिले.

‘अपोकॅलिप्टो’ अमेरिकेच्या चित्रपटगृहांत लागला त्याच महिन्यात, डिसेंबर २००६ मध्ये, भारताच्या संसदेने वनहक्क कायदा संमत केला. वनात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला, अशी स्पष्ट कबुली त्याच्या प्रास्ताविकातच आहे. त्याखालील २००८ च्या नियमांनी एक गोष्ट अशी केली की जी गॅझेटियर लिहिणाऱ्यांना रुचली नसती. दाव्याच्या पुष्ट्यर्थ सरकारी कागद हाच पुरावा नव्हे. गावातील म्हाताऱ्या माणसाने सांगितलेली आणि लिहून घेतलेली हकीकत, शेताचा बांध, जुनी विहीर, देवाचे झाड, पुरलेल्या पूर्वजांची जागा हेही पुरावे म्हणून मांडता येतात. धडगाव, अक्कलकुवा, तळोदे या भागांत ग्रामसभांनी असे जबाब लिहून घेतले, अजूनही लिहून घेतले जातात. सांगणारा पावरीत वा भिलीत सांगतो. लिहिणारा, बहुधा गावातलाच शिकलेला मुलगा, ते मराठीत उतरवितो आणि खाली म्हाताऱ्याचा अंगठा घेतो.