मूत्रपिंडविकार आणि हिपॅटायटिस-बीची लस : चौथ्या मात्रेचे महत्त्व

आजार मूत्रपिंडाचा असताना लस काविळीची कशासाठी, असा प्रश्न रुग्णांचे नातेवाईक नेहमी विचारतात. त्याचा खुलासा दात्यांसमोरही ठेवणे उचित वाटते.

हिपॅटायटिस-बी हा यकृताचा विषाणुजन्य आजार रक्तावाटे पसरतो. डायलिसिसमध्ये रुग्णाचे रक्त आठवड्यातून दोन-तीन वेळा शरीराबाहेर यंत्रातून फिरते. शिवाय सुकलेल्या रक्ताच्या डागातही हा विषाणू किमान ७ दिवस तग धरतो. म्हणून बाधित रुग्णांसाठी स्वतंत्र यंत्र ठेवावे लागते आणि इतरांना लसीचे संरक्षण द्यावे लागते. बालकांच्या लसीकरण कार्यक्रमात ही लस देशभर २०११ पासून आली. त्यामुळे आजच्या बहुतेक प्रौढ रुग्णांना ती बालपणी मिळालेली नाही.

निरोगी प्रौढांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांना ही लस लागू पडते. डायलिसिसवरील रुग्णांत हे प्रमाण साधारण ५० ते ६० टक्केच असते. मूत्रपिंडाचे कार्य खालावते तशी प्रतिकारशक्तीही मंदावते. यास्तव डायलिसिसची वेळ येण्यापूर्वीच लसीकरण करणे श्रेयस्कर. डायलिसिसच्या रुग्णास २० ऐवजी ४० मायक्रोग्रॅमची मात्रा दिली जाते. प्रचलित पद्धतीत पहिल्या मात्रेनंतर एक, दोन व सहा महिन्यांनी उर्वरित तीन मात्रा देतात. पुढे रक्त तपासून संरक्षण निर्माण झाले की नाही, हे पाहतात.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनभागात खरी कसोटी चौथ्या मात्रेची आहे. नोव्हेंबरमध्ये आरंभ केल्यास ती मे महिन्यात, ऐन तेंदूपत्त्याच्या हंगामात येते. जानेवारीत केल्यास जुलैत, धानाच्या रोवणीत. पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा संपर्क तर अनेक पावसाळ्यांत तुटलेला आहे. म्हणून चौथ्या मात्रेची तारीख पहिल्याच दिवशी घरच्यांसमवेत ठरवावी. मात्र सोयीचा महिना पाहत पहिली मात्रा लांबवू नये. चौथी चुकल्यास पुन्हा प्रारंभापासून सुरुवात करावी लागत नाही. शक्य तितक्या लवकर राहिलेली मात्रा घ्यावी.

१९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी लस आणली आणि ती सामान्यांच्या आवाक्यात आली. आता अडते ते दूरच्या गावाहून येण्याचे बसभाडे आणि बुडणारी मजुरी. दात्यांनी लसीसोबत या प्रवासखर्चाचाही विचार करावा, ही नम्र विनंती. अपुऱ्या राहिलेल्या लसीकरणात रुग्णाचे संरक्षण आणि दात्याचे दान, दोन्ही अपुरेच राहतात.