कुळवहिवाटीची अदलाबदल आणि खरेदीची सवलत : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कृष्णा, कोयना, वारणा आणि येरळा यांच्या खोऱ्यांत वसलेल्या सातारा व सांगली या जिल्ह्यांत जमिनीच्या वाटण्या पिढ्यान्‌पिढ्या अशा होत आल्या आहेत की, एखाद्या कुळाच्या कसणुकीतील एक तुकडा नदीकाठच्या मळीत, दुसरा माळावर आणि तिसरा शेजारच्या गावच्या शिवेला असावा, आणि बैल, अवजारे व माणसे या सगळीकडे फिरवण्यातच त्याचे निम्मे बळ खर्ची पडावे. औंध, फलटण, सांगली, मिरज व जत ही संस्थाने ज्या वर्षी मुंबई प्रांतात विलीन झाली, त्याच १९४८ साली झालेल्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमात या अडचणीवर एक सरळ तोडगा आहे : कलम ३३ अन्वये दोन कुळांना आपापल्या कुळवहिवाटींची परस्परांत अदलाबदल करून घेता येते. पुढे १ ऑगस्ट १९५६ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवून कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मानीव खरेदीदार केले आणि बाजारभावापेक्षा पुष्कळ कमी किमतीत मालकीचा मार्ग खुला केला. तथापि जमीनमालक विधवा, अज्ञान वा अपंग असल्यामुळे जेथे खरेदी लांबणीवर पडली, तेथे कुळाचा हक्क पुढेही केवळ कुळाचाच राहिला. अशा कुळाने अदलाबदल केली तर त्याच्या खरेदीच्या सवलतीचे काय होते, याविषयी गावोगाव जे समज रूढ आहेत, त्यांपैकी बरेचसे चुकीचे आहेत, आणि त्या चुकीची किंमत ज्याला दुसरा आधार नाही अशा कसणाऱ्यालाच मोजावी लागते.

गैरसमज : दोन कुळांनी पंचांसमक्ष ठरवून जमिनी बदलल्या, म्हणजे अदलाबदल पुरी झाली.

वस्तुस्थिती : कायद्याच्या दृष्टीने अशी अदलाबदल मुळात झालेलीच नसते. कलम २७ ने कुळाला जमिनीची पोटविभागणी करण्यास, ती पोटकुळाला लावण्यास आणि तिच्यातील हितसंबंध दुसऱ्याच्या नावे करण्यास मनाई केली आहे, आणि या मनाईचा भंग करणे किंवा जमीन जातीने न कसणे ही कलम १४ खाली कुळवहिवाट संपुष्टात आणण्याची कारणे आहेत. ज्याने सद्‌भावनेने शेजाऱ्याशी शेत बदलले, त्याच्या मूळ शेतात दुसराच माणूस पेरणी करतो आहे असे पाहणीत आढळले, तर तेवढ्यावरून त्याचा खरेदीचा हक्कच वादात सापडू शकतो. वैध मार्ग एकच आहे : दोन्ही कुळांनी विहित नमुन्यात मामलतदाराकडे, म्हणजे आजच्या तहसीलदाराकडे, अर्ज करावा, संबंधित जमीनमालकांना नोटिसा जाऊन चौकशी व्हावी, आणि मंजुरीनंतर दोघांनीही प्रमाणपत्रे घ्यावीत.

गैरसमज : जमीनमालकाची संमती नसेल तर अदलाबदल होत नाही.

वस्तुस्थिती : कायद्याने मालकाला नोटीस मिळण्याचा आणि आपले म्हणणे मांडण्याचा अधिकार दिला आहे, नकाराधिकार दिलेला नाही. कलम ३३ चा आरंभच असा आहे की, या अधिनियमात, अन्य कायद्यात, करारात वा रूढीत काहीही असले तरी कुळांना हा अर्ज करता येतो. मंजुरीनंतर मिळणारे प्रमाणपत्र हे जमीनमालक आणि त्या जमिनींत हितसंबंध असलेल्या सर्वांविरुद्ध अदलाबदलीचा निर्णायक पुरावा ठरते. म्हणूनच ते प्रमाणपत्र जपून ठेवणे आणि त्यावरून फेरफार होऊन सातबाऱ्याच्या इतर हक्कांत आपले नाव आले की नाही, हे स्वतः पाहणे हे कुळाचे कर्तव्य होय.

गैरसमज : आपली सवलत आपल्याबरोबर नव्या जमिनीवर येते.

वस्तुस्थिती : सर्वांत घातक समज हाच होय. कलम ३३ नुसार अदलाबदलीनंतर प्रत्येक कूळ नवी जमीन ज्या अटींवर धारण करते, त्या अटी तिच्या पूर्वीच्या कुळाच्या असतात, त्याच्या स्वतःच्या नव्हेत. मामलतदाराने मंजूर केलेला फेरबदल तेवढा याला अपवाद. किमतीच्या बाबतीत याचा अर्थ किती मोठा आहे, हे आकड्यांवरून ध्यानी येईल. कायम कुळाला खरेदीची किंमत खंडाच्या सहापट पडते. इतर कुळांच्या बाबतीत शेतजमीन न्यायाधिकरण ती जमीन महसुलाच्या आकारणीच्या किमान २० पट आणि कमाल २०० पट यांच्या दरम्यान ठरवते, आणि मालकाने बांधलेल्या विहिरी, ताली व लावलेली झाडे यांचे मूल्य त्यात वेगळे मिळवले जाते. समजा, दोन एकरांच्या तुकड्याची आकारणी ५ रुपये आहे आणि खंड कायद्याने घातलेल्या पाचपटीच्या मर्यादेइतका, म्हणजे २५ रुपये आहे. तर कायम कुळाला तो तुकडा १५० रुपयांत मिळेल, आणि साध्या कुळाला त्याच तुकड्यासाठी १०० पासून १,००० रुपयांपर्यंत कितीही रक्कम द्यावी लागेल. कायम कुळाने साध्या कुळाशी अदलाबदल केली आणि आदेशात विशेष अट घालून घेतली नाही, तर सहापटीचा लाभ त्याच्या हातून जाऊन दुसऱ्याला मिळेल. शिवाय आकारणी जमिनीगणिक बदलते. वाळवे वा कराडच्या नदीकाठची काळी जमीन आणि जत, आटपाडी वा माणमधील मुरमाड जिरायत यांची आकारणी सारखी नसते, हेही हिशेबात धरले पाहिजे.

गैरसमज : खरेदीचा हक्क सर्वच जमिनींवर सारखा असतो, केवळ किंमत बदलते.

वस्तुस्थिती : किमतीइतकाच वेळेचाही प्रश्न आहे. मालक अज्ञान असेल तर तो सज्ञान होईपर्यंत, आणि मालकीण विधवा असेल तर तिचा हितसंबंध संपेपर्यंत खरेदी थांबते. त्यानंतर मालकपक्षाला जमीन परत मागण्यासाठी दिलेली मुदत संपल्यावर एका वर्षाच्या आत कुळाने मालकाला व न्यायाधिकरणाला खरेदीची सूचना द्यावी लागते. कृषक दिनी लाभलेली मालकी आपोआप लाभली. ही सूचना मात्र कुळाने आपण होऊन द्यायची असते. सार्वजनिक धार्मिक पूजेसाठी असलेल्या ज्या न्यासाच्या जमिनीला जिल्हाधिकाऱ्यांचे सूट-प्रमाणपत्र मिळालेले आहे, त्या जमिनीला तर खरेदीची कलमेच लागू होत नाहीत. म्हणून नव्या तुकड्याचा मालक कोण, त्याची स्थिती काय आणि मुदत केव्हा सुरू होते, हे अर्जापूर्वीच तपासले पाहिजे.

गैरसमज : राजीनामा देऊन नवी कबुलायत केली, तरी परिणाम तोच.

वस्तुस्थिती : परिणाम अगदी निराळा आहे. राजीनामा लेखी आणि मामलतदारासमोर पडताळलेला असला तरच तो ग्राह्य ठरतो, आणि एकदा तो ग्राह्य ठरला की जुनी कुळवहिवाट संपते. मालकाने त्यानंतर दुसरी जमीन लावून दिली, तर कृषक दिनानंतर निर्माण झालेली ती नवी कुळवहिवाट होय. तिच्या आरंभापासून एका वर्षाच्या आत खरेदीची सूचना न दिल्यास हक्क गमावण्याचा धोका असतो. मालकाच्या शब्दावर विसंबून राजीनाम्यावर अंगठा उठवणाऱ्याने वडिलोपार्जित वहिवाटीचा सारा भूतकाळ एका कागदावर सोडून दिलेला असतो. कलम ३३ च्या मार्गाने ती साखळी अखंड राहते.

गैरसमज : कलम ३२-म चे खरेदीचे प्रमाणपत्र मिळाले की जमीन हवी तशी बदलता येते; पैशांचा व्यवहार नाही, तर परवानगी कशाला?

वस्तुस्थिती : कलम ३३ हे कुळांसाठी आहे, खरेदी पूर्ण झालेल्या जमिनीला कलम ४३ लागू होते, आणि त्यात विक्री, बक्षीस, गहाण व पट्टा यांच्या जोडीने अदलाबदलीचाही स्पष्ट उल्लेख आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीवाचून केलेले असे हस्तांतरण अवैध ठरते. २०१४ च्या दुरुस्तीने मोठा दिलासा दिला : प्रमाणपत्राला १० वर्षे लोटली असतील आणि आकारणीच्या ४० पट नजराणा आधी भरला असेल, तर पूर्वमंजुरी लागत नाही. मात्र घेणारा शेतकरी असावा, त्याची एकूण जमीन कमाल मर्यादेबाहेर जाऊ नये, आणि तुकडेबंदी कायद्याचा भंग होऊ नये, या अटी कायम आहेत.

यावरून कुळाने काय करावे हे उघड आहे. अर्जावर सही करण्यापूर्वी दोन्ही जमिनींचे सातबारे आणि जुने फेरफार काढून कूळ कायम, संरक्षित की साधे याची खातरजमा करावी; नोंदच नसेल किंवा तिच्याविषयी वाद असेल, तर कलम ७०-ब खाली मामलतदाराकडून आधी निर्णय घ्यावा; आणि कायम कुळाची किंमत किंवा अन्य कोणतीही सवलत टिकवायची असेल, तर ती अट अर्जात मागून मंजुरीच्या आदेशात आणि प्रमाणपत्रात शब्दशः लिहवून घ्यावी. तोंडी आश्वासन मालकाचे असो की शेजाऱ्याचे, न्यायाधिकरण किंमत ठरवताना त्याला स्थान नसते. कसणाऱ्याला मालक करण्यासाठी झालेला हा कायदा पुष्कळ उदार आहे. त्याच्या औदार्याचा लाभ मात्र ज्याचा कागद पुरा आहे त्यालाच मिळतो, आणि म्हणून तो कागद पुरा करून देण्यास कुळाला साहाय्य करणे हे गावातील प्रत्येक लिहित्या-वाचत्या माणसाचे काम आहे.