पदर घट्ट दाबून धरा

परवा आमच्या महिला मंडळात एक वेगळाच विषय निघाला. शेजारच्या वहिनींच्या यजमानांना पिस्तुलाचा परवाना काढायचाय. “घरात असलेलं बरं ना ताई?” वहिनींनी विचारलं. मला एकदम अंबाजोगाई आठवली.

आपल्या लातूरपासून तास-दीड तासावरचं गाव. प्रमोद महाजन तिथेच वाढले. २२ एप्रिल २००६ ला सकाळी मुंबईत, वरळीच्या घरी, सख्ख्या धाकट्या भावाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पिस्तूल परवान्याचंच होतं! तीन गोळ्या पोटात गेल्या. लगेच हिंदुजा रुग्णालयात नेलं, लंडनहून यकृताचे तज्ज्ञ आले. तरी ३ मे रोजी ते गेले.

इतके उपचार होऊनही का? तर यकृत म्हणजे रक्ताने भरलेला स्पंजच जणू, फाटलं की रक्त थांबता थांबत नाही. आणि स्वादुपिंड फाटलं की त्यातला पाचकरस आपल्याच आतड्या-मांसाला खायला लागतो. मग जंतुसंसर्ग, मग एकेक अवयव थकत जातो.

सिनेमात तापवलेल्या चाकूने गोळी काढली की हिरो उठून बसतो. खरं तर गोळी कित्येकदा शरीरात तशीच ठेवतात. डॉक्टरांची लढाई असते रक्तस्रावाशी. मोठ्या माणसात रक्त असतं जेमतेम पाच लिटर. त्यातलं दोन लिटर गेलं की जीव धोक्यात. मांडीतली मोठी धमनी तुटली तर काही मिनिटांतच खेळ आटोपतो, आणि आपण म्हणतो, “पायालाच तर लागलीय!”

गोळी बोटभर इकडे की तिकडे, यावरही सगळं असतं. कोल्हापुरात १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून येणाऱ्या गोविंद पानसरे आणि उमाताईंवर एकाच वेळी हल्ला झाला. पानसरे चार दिवसांनी गेले. उमाताईंच्या डोक्याला मार लागला होता, त्या वाचल्या.

मग आपल्या हातात काय? नांदेडच्या टोकाला किनवटकडे असं काही घडलं तर मोठा दवाखाना काही तासांवर. तोवर स्वच्छ कापड, नाहीतर पदर, जखमेवर दोन्ही हातांनी जोर लावून दाबून धरायचा. भिजला तर वरून दुसरं कापड ठेवायचं, पण हात काढून सारखं बघायचं नाही. पाणी, चहा काही पाजायचं नाही. १०८ ला फोन करायचा. आणि “आधी पोलीस, मग उपचार” असं कुणी म्हणालं तर ठणकावून सांगा, सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच सांगितलंय की जीव आधी, पोलिसांचे कागद नंतर.

हो, वरातीत हवेत बार काढणाऱ्या आपल्या भाऊबंदांनाही सांगा. वर गेलेली गोळी खाली येतेच.

वहिनींनी घरी काय सांगितलं, ते मी विचारलं नाही. पुढच्या बैठकीला मात्र त्या एक जुनी सुती साडी घेऊन आल्या. दाबून कसं धरायचं, ते शिकायला.